मुझफ्फर मापाऱ्याचं आवतण

मुझफ्फर मापारी कुवेतच्या अर्दिया भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. पाण्याचे पाइप, नळ, वॉशर आणि टाक्यांची झाकणं किती आली नि किती गेली, एवढं लिहून ठेवायचं त्याचं काम. एकोणीस वर्षांत त्याला कुणी बढती दिली नाही आणि कुणी कामावरून काढलंही नाही, यावरून माणूस कसा असेल ते ओळखावं. रस्त्यात दिसला तर कुणी वळून पाहणार नाही. पण दर जानेवारीत पंधरा दिवस असे येत, की हाच मुझफ्फर इस्त्रीचा पांढरा शर्ट घाली, डोक्यावर जाळीची टोपी चढवी, जुन्या सनी गाडीची काच पुशी, आणि मग कुवेतमधल्या खारजुव्याच्या माणसांत त्याच्याएवढा मोठा दुसरा कुणी नसे. ते पंधरा दिवस तो आवतण्या होता.

खारजुवा म्हणजे रत्नागिरीकडच्या एका खाडीतलं बेट. साठ-सत्तर घरं, एक मशीद, एक देऊळ, गोड्या पाण्याची एक विहीर आणि पलीकडे जायला एक होडी. जिथं विहीर एक आणि होडी एक, तिथं माणसांना भांडण परवडत नाही. तरी ती भांडतातच. आज ज्याच्याशी हमरीतुमरी केली, उद्या त्याच्याच मांडीला मांडी लावून होडीत बसावं लागतं, तरी भांडतात. म्हणून तिथल्या जुन्या लोकांनी वर्षातून एकदा साऱ्या बेटाचं जेवण घालायची तोड काढली, आणि त्या जेवणाला असे काही नियम लावले की सरकारलाही सुचू नयेत.

आवतण असायचं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी बेटावर एकाही घरात चूल पेटता कामा नये. जमातीचा म्होरक्या मशिदीच्या पायरीवर उभा राहून छपरांकडे बघे, आणि कुठं धूर दिसला की समजायचं, तिथं कुणीतरी रुसलंय. आणि एक जरी घर रुसलं, तरी देगेचं झाकण उघडायचं नाही. देगेत मटण-भात तयार, वास साऱ्या खाडीवर पसरलेला, पोटात कावळे ओरडताहेत, आणि जेवायचं कधी, तर अमक्या खालाचा राग उतरेल तेव्हा. मग सारं बेट तिच्या अंगणात. सुनेनं माफी मागावी, सुनेच्या बापानं मागावी, ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीही मागावी. एका वर्षी एक म्हातारी अस्राची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, बांग होईपर्यंत रुसून बसली होती, आणि शेवटी तिचं जिच्याशी भांडण होतं तिलाही आठवेना की भांडण कशावरून सुरू झालं. शिवाय ज्यांचं आपसात पटत नाही, त्यांना म्होरक्या मुद्दाम एका ताटावर बसवी. देऊळवाडीतल्या भोयांचं रांधप वेगळं असे, चिंचेखाली, त्यांच्या भांड्यांत. पण चूल त्यांचीही त्याच दिवशी बंद.

आता हे सगळं कुवेतला आणायची काही गरज होती का? पण माणूस गाव सोडतो तेव्हा नेमकं जे सोडायला हवं तेच उचलून आणतो. मंगाफ, सालमिया, फर्वानिया, महबूला अशी पांगलेली खारजुव्याची एक्केचाळीस घरं होती. जानेवारीतल्या एका शुक्रवारी, मुझफ्फरच्या मालकाच्या परवानगीनं, गोदामाच्या मागच्या पटांगणात त्या सगळ्यांचं जेवण होई. आणि आवतण द्यायचं काम मापाऱ्यांचं, पिढीजात. मुझफ्फरचा बाप बेटावर अनवाणी फिरून देई, मुझफ्फर कुवेतमध्ये सिक्स्थ रिंग रोडवरच्या ट्रॅफिकमधून देई.

त्याची रीत पक्की होती. दारात उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही, चहा घ्यायचा नाही. आणि आवतण घरातल्या बाईलाच द्यायचं. चूल तिची, तेव्हा शब्दही तिचाच. घरच्या पुरुषानं दहादा हो म्हटलं तरी ते हवेत गेलं असं धरायचं. बाई दारात आली की मुझफ्फर टोपी नीट करी आणि म्हणे, "अमक्या घराला सांगणं. शुक्रवारी जुम्म्यानंतर जुव्याचं जेवण. घर चूलबंद." त्यावर बाईनं म्हणायचं, "चूल बंद." झालं, शब्द लागला. लिफ्ट बिघडलेल्या इमारतींत सहा-सहा मजले चढून त्याच्या गुडघ्यांची वाट लागे. दार उघडणारी पोरं आत वळून ओरडत, "मॉम, द चूलबंद अंकल इज हिअर," आणि मुझफ्फरला तेवढ्यानंही भरून येई. वर्षभर त्याला अंकल सोडा, नावानं हाक मारणारंही कुणी नसे.

ज्या खोलीत चूल नाही, ती खोली घर नव्हे, हाही एक नियम. मेसच्या डब्यावर राहणाऱ्या एकट्या पुरुषांना आवतण नसे. त्यांनी आपलं यावं, जेवावं आणि भांडी घासायला लागावं. स्वतः मुझफ्फर एकोणीस वर्षं फर्वानियात अशाच एका खोलीत सहा जणांबरोबर राहिला होता. साऱ्या घरांना बोलावणारा माणूस, पण त्याचं स्वतःचं घर यादीत नव्हतं, कारण तसं घरच नव्हतं. यात कुणाला काही खटकत नसे. त्यालाही नाही.

या वर्षी मात्र दोन गोष्टी नव्यानं घडल्या.

पहिली म्हणजे ओवैस. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनीअर असलेला सव्वीस वर्षांचा मुलगा, हुशार, वागायला चांगला, आणि प्रत्येक गोष्ट मोबाइलवर व्हायला पाहिजे असं मानणारा. डिसेंबरच्या बैठकीत त्यानं सांगितलं की एक्केचाळीस दारं चढत बसण्यापेक्षा गूगल फॉर्म पाठवू. किती माणसं, तिखट किती चालतं, कोण येणार, कोण नाही, सगळं पाच मिनिटांत कळेल. "मुझफ्फर अंकलचे गुडघे पण वाचतील," असं तो अगदी मनापासून म्हणाला. मुझफ्फरला ते तोंडावर थप्पड मारल्यासारखं लागलं, पण मूग गिळून बसण्यात तो लहानपणापासून तरबेज होता.

जमातीचे म्होरके अब्बासचाचा. सालमियात त्यांचं किराण्याचं छोटं दुकान, म्हणजे इथल्या भाषेत बकाला. पासष्टी उलटलेला माणूस. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि निवाडा दिला, की या वर्षी आवतण मुझफ्फरच देईल. पण एक जरी घर सुटलं तर पुढल्या वर्षापासून फॉर्म. साऱ्यांना हे पटलं. एकोणीस वर्षांत मुझफ्फरनं एक घर सोडलं नव्हतं, तेव्हा फॉर्मची वेळच येणार नाही, असं खुद्द ओवैससुद्धा म्हणाला.

दुसरी गोष्ट म्हणजे मुमताज आली. मुझफ्फरची बायको. एवढ्या वर्षांत तिला कुवेत बघायला मिळालं नव्हतं, कारण फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार मुझफ्फरला कधी झालाच नाही. आता मुलगी निदा रत्नागिरीला कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेली, व्हिजिट व्हिसा मिळाला, आणि नोव्हेंबरच्या मध्याला मुमताज तीन महिन्यांसाठी आली. मुझफ्फरनं फर्वानियातच एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. तिनं पहिल्याच दिवशी शेगडी घासूनपुसून लखलखीत केली आणि तिच्यावर घावणे घातले. मुझफ्फर जमिनीवर बसून अकरा घावणे जेवला आणि त्याला आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

जानेवारीत तो आवतणाला निघाला तेव्हा मुमताजनंच शर्टाला इस्त्री करून दिली. रोज रात्री तो येऊन सांगे, आज मंगाफची सात झाली, आज महबूलाची चार. शुऐबाच्या प्लांटवर फिटर असलेल्या बापू भोयाच्या घरी गेला, त्याच्या बायकोला, अर्चनाला, रीतीप्रमाणे दारात आवतण दिलं, तेही येऊन सांगितलं. मुमताज ऐके, हं म्हणे आणि ताट वाढी. कधी कधी विचारी, "अजून किती राहिली?" तो सांगे. ती पुन्हा हं म्हणे. शेवटच्या दिवशी त्यानं सांगितलं की संपली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मुमताजनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याला वाटलं, बायकोला आपलं कौतुक वाटतंय.

शुक्रवार उजाडला. छान थंडी होती, वारा पडलेला. मुझफ्फर सकाळी सहालाच गोदामावर गेला, कारण बावर्च्यांवर लक्ष ठेवायचं होतं. मुमताजला दुपारी बापू-अर्चनाच्या गाडीतून यायला सांगितलं होतं. जुम्म्याची नमाज झाली, गाड्या येऊ लागल्या, पाइपांच्या ढिगावर पोरं चढली, बायका एका बाजूला बसल्या. जमिनीवर प्लास्टिकचे लांब सुफरे अंथरले. नारळाच्या झाडावरून अकरा वर्षं न बोलणारे दोघे भाऊ नेहमीप्रमाणे एकाच ताटापाशी बसवले गेले. एक ताटाकडे बघत होता, दुसरा आकाशाकडे. अब्बासचाचा देगेजवळ खुर्ची टाकून बसले होते, आणि मुझफ्फर एकेक घर आलं की त्यांच्या कानाशी लागून आकडा सांगत होता. पावणेदोनला बापूची गाडी फाटकातून आत आली. मुझफ्फर उभा राहिला, टोपी सारखी केली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक्केचाळीस. समदी आली."

अब्बासचाचांनी झाकणाला हात घातला. ओवैसनं टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात बापू जवळ आला. गाडीतून तो आणि अर्चना, दोघंच उतरले होते. बापू हळू बोलणारा माणूस नव्हे. शुऐबाच्या मशिनींमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाची कुजबुजही पटांगणभर जाते. तो म्हणाला, "मुझफ्फर, वहिनी नाय आल्या. आम्ही दारात गेलो हुतो. म्हणाल्या, मला आवतण नाय. आतमधी मिक्सर चालू हुता. माशाचं वाटप वाटत हुत्या."

अब्बासचाचांनी झाकणावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

सहा मजले चढून दुसऱ्यांच्या बायकांना बोलावणाऱ्या माणसाला आपल्याच स्वयंपाकघरात शेगडी आहे हे सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकोणीस वर्षं यादी एक्केचाळीसची होती, आणि त्याला ती बोटांवर पाठ होती. त्या बोटांत बेचाळिसावं बोटच नव्हतं. आधी मुझफ्फर हसला, मग म्हणाला की बायकोला कसलं आवतण, ती तर घरचीच.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं, कारण बायकांची बाजू ते ऐकत होती. अर्चना म्हणाली की वहिनी घरच्या आहेत हे खरं, पण कुणाच्या घरच्या, ते आधी ठरवा. मंगाफच्या एका बाईनं सांगितलं की तिच्या सासूला बेटावर असंच विसरले होते तेव्हा ती दोन दिवस होडीत बसून राहिली होती. दुसरीनं आठवण करून दिली की मुझफ्फरचा बाप कसा होता: आवतणाला निघताना तो आधी आपल्याच घराबाहेर पडे, अंगणात उभा राहून वळे, आणि स्वतःच्या बायकोला परक्यासारखा हाक मारून पहिलं आवतण तिला देई. सारं बेट हसे, पण तो देई. मुझफ्फरनं हे लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. आणि तो विसरला होता.

ओवैस मदतीला धावला. त्यानं मोबाइल काढून दाखवला की जेवणाचा मेसेज ग्रुपवर टाकलेला आहे आणि मुमताज आंटीनं तो वाचलाय, निळ्या खुणा आहेत. अब्बासचाचांनी चष्म्यातून त्या खुणा बघितल्या आणि सांगितलं की निळ्या खुणेला तोंड नसतं. देग उघडायची तर मुमताजचा शब्द पाहिजे. पोरं पाइपांच्या ढिगावरून उतरून विचारू लागली की फूड कधी मिळणार. दोघा भावांपैकी आकाशाकडे बघणारा आता देगेकडे बघायला लागला होता.

मुझफ्फरनं फोन लावला. सगळे ऐकत आहेत म्हणून तो गोड आवाजात बोलला, की चुकलं, आता फोनवरच आवतण घे आणि टॅक्सी करून ये. पलीकडून मुमताज शांतपणे म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. माझी चूल पेटलेली हाय." आणि फोन ठेवला.

अर्दियापासून फर्वानिया दहा मिनिटांवर आहे, पण शुक्रवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे कर्मकठीण. मुझफ्फर इमारतीभोवती चार फेऱ्या मारून आला, शेवटी कचऱ्याच्या डब्यापुढे गाडी सोडली आणि जिना चढला. वाटेभर त्याचं डोकं तापलेलं होतं. जमातीत नाक कापलं गेलं, बापाचं नाव घालवलं, पुढल्या वर्षी फॉर्म, आणि हे सगळं कुणामुळे, तर ज्या बाईसाठी आपण खोली घेतली तिच्यामुळे. जाऊन चांगलं खडसवायचं असं त्यानं दुसऱ्या मजल्यापर्यंत ठरवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर तिखट कालवणाचा वास आला आणि राग निम्मा झाला. चौथ्या मजल्यावर आपल्या दारापाशी त्यानं खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली, आणि तिथंच त्याचा हात थांबला. आवतण्या किल्ली लावून आत जात नाही.

त्यानं किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि बेल वाजवली. त्या दाराची बेल त्यानं आजवर कधी वाजवलीच नव्हती. ती चिमणीसारखी वाजते हे त्याला तेव्हा कळलं.

मुमताजनं दार उघडलं. डोक्यावर ओढणी, हाताला हळद. त्यानं चप्पल काढायला पाय उचलला, तशी ती म्हणाली, "चप्पल काढू नका. आवतण्या बाहेरच उभा राहतो."

मुझफ्फरनं पाय खाली ठेवला. त्यानं माफी मागायला सुरुवात केली: कामाची गडबड, यादी जुनी, एकोणीस वर्षांची सवय. मुमताजनं त्याला पुरं बोलू दिलं. मग ती बोलली, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता.

"विमानतळावर त्या पोरीनं माझ्या पासपोर्टावर शिक्का मारला, व्हिजिट. मी म्हटलं, कागद हाय, असू दे. त्या दिवशी खालच्या हारिसला, त्या रखवालदाराला, तुम्ही सांगत होतात, बाई गेली की खोली खाली करतो. मी जिन्यात होते. तेव्हा पण नाय बोलले. पंधरा दिवस रोज रात्री तुम्ही घरं मोजून दाखवलीत. मी रोज इचारलं, अजून किती राहिली. तुम्हाला वाटलं मला गंमत वाटते."

वरच्या मजल्यावरचा शेजारी पिशवी घेऊन वर आला, दोघांकडे पाहून थबकला, आणि दारात उभा असलेला हा टोपीवाला माणूस कोण असा विचार करत पुढे गेला.

"कागदावर पाहुणी चालेल," मुमताज म्हणाली. "तुमच्या बोटांवर पण पाहुणी?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याच्याच आलं. त्यानं ते टोपी सारखी करण्याच्या निमित्तानं पुसलं, दोन पावलं मागे सरला आणि आवतण द्यायला लागला. पहिल्याच शब्दाला तो थांबला. घराचं नाव घ्यायचं होतं. मुकादमाच्या घराला, परकाराच्या घराला, बापू भोयाच्या घराला, असं तो हजार वेळा म्हणाला होता. मापाऱ्याच्या घराला असं म्हणायची पाळी त्याच्यावर या मुलखात कधी आलीच नव्हती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मुझफ्फर मापाऱ्याच्या घराला सांगणं. आज, जुम्म्यानंतर, जुव्याचं जेवण. घर चूलबंद."

मुमताज आत गेली. शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला. परत येऊन ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "चूल बंद." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, की पाच मिनिटं थांबा, ओढणी बदलते, हिला वाटपाचे डाग पडलेत.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. तेवढ्या वेळात अब्बासचाचांचे सात फोन आले. मुझफ्फर दाराबाहेरच उभा राहिला. आत जायची त्याची छाती होईना.

तीन वाजून गेल्यावर गाडी पटांगणात शिरली तेव्हा अशी आरोळी उठली की शेजारच्या गोदामाचा रखवालदार बघायला आला. मुमताज उतरली, हातात माशाच्या कालवणाचं पातेलं फडक्यात बांधलेलं. शिजलेलं अन्न टाकायचं कसं म्हणून तिनं ते सोबत आणलं होतं, आणि भुकेल्या पोरांनी देग उघडायच्या आत त्याचा फडशा पाडला. अब्बासचाचांनी उभं राहून तिला विचारलं, रीतीप्रमाणे आवतण पोहोचलं का. ती म्हणाली, पोहोचलं, दारात पोहोचलं. तेव्हा कुठं झाकण उघडलं. वाफ वर गेली आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतला. नारळवाले दोघे भाऊ दोन तास एकमेकांसमोर उपाशी बसून इतके कंटाळले होते की मोठ्या भावानं धाकट्याला म्हटलं, मीठ दे. अकरा वर्षांतला तो पहिला शब्द.

आता राहिला फॉर्मचा प्रश्न. घर सुटलं होतं, हे कबूल करणं भाग होतं. मुझफ्फरनं स्वतःच अब्बासचाचांपुढे जाऊन सांगितलं की ठरलं होतं तसं करा, पुढल्या वर्षीपासून ओवैसच्या हाती द्या. म्हणताना त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओवैस खरं बोलणारा मुलगा. तो म्हणाला की त्यानं फॉर्मसाठी यादी मुझफ्फर अंकलकडूनच घेतली होती, तेव्हा आंटी त्यातही सुटल्या असत्या. पण निकाल लावला तो बायकांनी. मंगाफची ती बाई ताटावरून हात न उचलता म्हणाली, "फॉर्मवर रुसायचं कसं, ते आधी सांगा."

यावर अब्बासचाचांनी जुना दंड काढला: ज्या आवतण्यानं घर सोडलं, त्यानं त्या दिवशी साऱ्यांना वाढायचं आणि शेवटी जेवायचं. फॉर्मचं पुढं बघू म्हणाले. त्यांचं पुढं बघू म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुझफ्फर दीड तास वाकून वाढत राहिला. गुडघे बोलत होते, कंबर बोलत होती, आणि ज्यांना ज्यांना तो वाढे ते ते काहीतरी बोलत होते. बापूनं तीनदा भात घेतला आणि तिन्ही वेळा विचारलं, वहिनींना वाढलंस ना, का राहिल्या. शेवटी सुफरे गुंडाळले गेले, पोरं पुन्हा पाइपांवर चढली, आणि मुझफ्फर देगेच्या तळाची खरवड घेऊन एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसला. मुमताज त्याच्या शेजारी येऊन बसली. अर्चनानं लांबून विचारलं की वहिनी नवऱ्यासाठी थांबल्या होत्या की काय. मुमताज म्हणाली, नाही, आवतण मला आलं होतं, मी पहिल्या पंगतीला पोटभर जेवले.

तो खात होता. तिच्या परतीच्या विमानाला साडेतीन आठवडे राहिले होते, आणि दोघंही ते दिवस मोजत होते.

"पुढल्या वर्षी बेचाळीस घरं मोजा," ती म्हणाली.

"पुढल्या वर्षी तू गावाला असशील," मुझफ्फर म्हणाला. "चूल कोणाची धरायची?"

"तुमची. भात तुम्हाला येतो. डाळ मी शिकवून जाते." तिनं त्याच्या ताटातला हाडाचा तुकडा बाजूला काढून ठेवला. "एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुली बंद करत फिरलात. एकदा आपली पेटवून बघायची."

मुझफ्फर म्हणाला की उद्या हारिसला सांगतो, खोली सोडत नाही. मुमताज हं म्हणाली. पाइपांच्या ढिगावरून कुणाचं तरी पोर घसरलं, त्याची आई ओरडली, कुणी तरी गाडी सुरू केली. मुझफ्फरनं शेवटचा घास उचलला आणि विचारलं, "डाळीत आधी काय घालायचं?"